मॉडिफाइड गाडीचा झिजलेला मॅन्युअल गिअरबॉक्स: निदानापासून पुनर्बांधणीपर्यंत

इंजिनाचा टॉर्क वाढवला, क्लच बदलला, रुंद टायर घातले आणि गिअरबॉक्स मात्र मूळचाच ठेवला, तर आज ना उद्या तो बोलायला लागतो. दुसरा गिअर टाकताना कर्र वाजतं, तिसरा निसटतो, नाहीतर वेगाबरोबर चढत जाणारी घरघर सुरू होते. अशा वेळी खराब झालेला भाग बदलून काम संपत नाही. तो कशामुळे झिजला हे न शोधता बसवलेला नवा भागही त्याच वाटेने जातो. आणि मॉडिफाइड गाडीत ते कारण बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या बाहेर असतं, म्हणून या लेखाचा मोठा भाग गिअरबॉक्स न उघडता करायच्या तपासण्यांवर आहे.

वाढीव टॉर्क कुठे जाऊन बसतो

बेअरिंगचं आयुष्य भाराच्या साध्या प्रमाणात कमी होत नाही. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. टॉर्क ३० टक्के वाढवला तर पूर्ण भाराखालचं आयुष्य मूळच्या साधारण ४५ टक्के उरतं. ५० टक्के वाढवला तर जेमतेम ३० टक्के. रोलर बेअरिंगमध्ये घट याहूनही किंचित जास्त असते. रोजच्या वापरात सतत पूर्ण टॉर्क लागत नाही म्हणून गाडी चालत राहते. ट्रॅकवर किंवा डोंगरी रस्त्यावर तासन्‌तास पूर्ण थ्रॉटल दिला की हा हिशोब लगेच वसूल होतो.

दातांचं गणित वेगळं. २०० न्यूटन-मीटर देणारं इंजिन आणि ३.५ रेशोचा पहिला गिअर धरला, तर आउटपुट शाफ्टवर ७०० न्यूटन-मीटर येतात. फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचा शेवटचा रेशो) ४ असेल तर क्राउन व्हीलवर, म्हणजे डिफरन्शियलच्या मोठ्या गिअरवर, २८००. हे आकडे पाहून पहिलाच गिअर आधी तुटेल असं वाटतं, पण टर्बो गाड्यांत अनेकदा तिसरा आधी जातो. पहिल्यात चाकं घसरतात आणि जास्तीचा टॉर्क रस्त्यावरच वाया जातो. तिसऱ्यात टायर घट्ट धरतात, टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब) पूर्ण चढलेला असतो आणि तो भार बराच वेळ टिकतो. चिकट टायर घातल्यावर पहिल्या-दुसऱ्याची ही सुटकाही संपते.

गिअरचे दात एकमेकांना नुसते फिरवत नाहीत, ते एकमेकांना दूरही ढकलतात. दाताचा दाबकोन २० अंश असेल तर ढकलणारं बळ फिरवणाऱ्या बळाच्या सुमारे ३६ टक्के असतं. तिरक्या दातांच्या गिअरमध्ये शाफ्टला लांबीच्या दिशेने रेटणारं बळ त्यात आणखी भर घालतं. ॲल्युमिनियमचं केसिंग या बळाखाली किंचित फाकतं, दात पूर्ण रुंदीवर न टेकता कडेवर टेकतात आणि तिथूनच तुकडे उडू लागतात. नुसता कडक धातूचा गिअर घालून हे थांबत नाही, कारण दोष केसिंगच्या लवचिकतेत असतो.

सिंक्रोचा, म्हणजे गिअर अडकण्याआधी वेग जुळवणाऱ्या रिंगचा, शत्रू टॉर्क नसून आरपीएम आणि क्लच प्लेटचं वजन. गिअर बदलताना सिंक्रो रिंगला क्लच प्लेट, इनपुट शाफ्ट आणि त्याला जोडलेले गिअर यांचा वेग बदलावा लागतो. त्यात तयार होणारी उष्णता वेगातल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ६००० ऐवजी ७५०० आरपीएमवर गिअर बदलायला लागलात तर दर वेळी सिंक्रोवर सुमारे ५६ टक्के जास्त उष्णता पडते. वर जड मेटॅलिक क्लच प्लेट असेल तर आणखी. हलक्या फ्लायव्हीलचा यात काही संबंध नाही, कारण क्लच दाबल्यावर फ्लायव्हील गिअरबॉक्सपासून सुटलेलं असतं. सिंक्रोसाठी मोजायचं ते प्लेटचं वजन.

पहिली तपासणी क्लचची

गिअर घासतो म्हटलं की सगळे सिंक्रोला दोष देतात. मॉडिफाइड गाडीत आधी क्लच पूर्ण सुटतो का ते पाहा. जड प्रेशर प्लेट, जाड प्लेट, बदललेला मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारे), लवणारी पेडल ब्रॅकेट, लाइनमधली हवा, यातलं काहीही क्लच अर्धवट सुटायला पुरेसं आहे. आणि अर्धवट सुटणारा क्लच नवा सिंक्रो थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो.

१. इंजिन गरम करा. न्यूट्रलमध्ये आयडलवर ठेवून क्लच तळापर्यंत दाबा, १० सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे आतले शाफ्ट फिरत असतील तर लगेच कळतं. १० सेकंदांनंतरही कर्र वाजलं तर क्लच धरून ठेवतो आहे किंवा क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग अडकतं आहे.

२. सपाट मोकळ्या जागेत, पुढे कोणी उभं नसताना, क्लच दाबून पहिला गिअर टाका. हँडब्रेक सोडा, पाय ब्रेकजवळ ठेवा आणि इंजिन हळूहळू ३००० आरपीएमपर्यंत न्या. गाडी पुढे सरकता कामा नये. उच्च आरपीएमवरच सरकत असेल तर प्लेटमधला वाक किंवा प्रेशर प्लेटची जेमतेम सुटणारी चाल हे कारण असतं. आयडलला सगळं ठीक वाटतं म्हणून हा दोष नजरेतून सुटतो.

३. मदतनिसाला पेडल दाबायला लावून स्लेव्हच्या रॉडची किंवा क्लचच्या फोर्कची चाल पट्टीने मोजा आणि क्लच किटच्या आकड्याशी ताडा. मापाशिवाय ‘पेडल छान कडक आहे’ याला अर्थ नाही. कडकपणा प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा असतो, चालीचा नाही.

४. बल्कहेडकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) बघत पेडल दाबा. जड क्लचखाली मास्टर सिलिंडरजवळचा पत्रा लवताना दिसला तर चालीचा तेवढा भाग तिथेच हरवतो. तिथे मजबुतीची प्लेट लावली की कित्येकदा गिअर घासणं थांबतं.

फार जड प्रेशर प्लेट क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवरही भार टाकते. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय अशा गाडीत मोडायलाच हवी.

माउंटिंग आणि लिंकेज

गिअर निसटतो तेव्हा थ्रॉटल सोडता-दाबताना गिअर लिव्हर किती हलतो ते पाहा. तो ठळकपणे पुढे-मागे जात असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स माउंटिंगवर डोलत आहेत आणि लिंकेजच गिअरला बाहेर ओढतं आहे. माउंटिंगचं रबर फाटलं आहे का, लिंकेजचे बुश ढिले झाले आहेत का, केबलचा क्लॅम्प जागेवर आहे का, हे तपासा. मग लिंकेज गिअरबॉक्सच्या बाजूने सोडा आणि सिलेक्टर लिव्हर हाताने प्रत्येक गिअरमध्ये न्या. प्रत्येक गिअरला ठळक ‘टक’ लागली आणि चाल पूर्ण झाली तर आतली डिटेंट व्यवस्था (गिअर जागेवर धरणारी स्प्रिंग आणि गोळी) ठीक आहे, दोष लिंकेजच्या जुळवणीत आहे.

शॉर्ट शिफ्टरकडे (कमी चालीच्या गिअर लिव्हरकडे) इथे नीट लक्ष द्या. लिव्हरची चाल ३० टक्के कमी होते म्हणजे तितक्याच हाताच्या जोराला सिलेक्टरवर सुमारे १.४ पट बळ पडतं. सिंक्रोला वेग जुळवायला वेळ न देता गिअर रेटला जातो, गिअर सरकवणाऱ्या आतल्या फोर्कचे टेकणारे भाग झिजतात, नाजूक फोर्क वाकतोही. सिंक्रो आधीच थकलेले असतील तर शॉर्ट शिफ्टर काढून मूळ लिव्हर लावणं हा सगळ्यात स्वस्त इलाज.

आवाज ऐकून भाग ओळखणं

न्यूट्रलमध्ये आयडलला घरघर आहे आणि क्लच दाबताच ती थांबते: इनपुट शाफ्टचं बेअरिंग, किंवा त्याच्याबरोबर फिरणाऱ्या लेशाफ्टचं (आतल्या समांतर दुसऱ्या शाफ्टचं). क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग. क्लच दाबून गिअर टाकलेला असताना बारीक किंचाळी येते: पायलट बेअरिंग. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या गिअरचे दात किंवा त्याचं नीडल बेअरिंग. सगळ्या गिअरमध्ये आणि न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळतानाही आवाज असेल आणि तो फक्त गाडीच्या वेगाबरोबर बदलत असेल तर डिफरन्शियलचं किंवा आउटपुट शाफ्टचं बेअरिंग. पण त्याआधी चाकांची बेअरिंग आणि टायरची असमान झीज नक्की वगळा. रुंद टायरचा गुंजारव डिफरन्शियलच्या आवाजाशी हुबेहूब जुळतो.

मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या, सरळ रेषेतल्या गिअरबॉक्समध्ये एक खूण फार उपयोगी पडते. त्यात एक गिअर थेट १:१ असतो, बहुधा चौथा. त्या गिअरमध्ये ताकद लेशाफ्टमधून जात नाही. चौथ्यात शांतता आणि बाकी सगळीकडे आवाज असेल तर संशय लेशाफ्टवर घ्यायचा.

मॉडिफाइड गाडीतला एक मोठा चकवा इथेच सांगायला हवा. ड्युअल-मास फ्लायव्हील (धक्के शोषणारं, दोन भागांचं) काढून एकसंध फ्लायव्हील लावलं की आयडलला खडखड ऐकू येते आणि क्लच दाबला की ती थांबते. अगदी इनपुट बेअरिंगसारखं लक्षण. पण ही खडखड इंजिनाच्या धक्क्यांनी मोकळे गिअर एकमेकांवर आपटल्याची असते. आरपीएम १२०० ते १५०० पर्यंत नेल्यावर ती विरली तर बेअरिंगला हात लावायचं कारण नाही. बेअरिंगचा आवाज आरपीएमबरोबर चढत जातो, विरत नाही.

तेल काय सांगतं

गाडी चालवून आल्यावर, तेल कोमट असताना काढा. आधी भरायचा प्लग उघडून पाहा. तो अडकलेला असेल आणि तेल आधीच सांडून टाकलं असेल तर गाडी जागेवरच बसते.

ड्रेन प्लगच्या चुंबकावरची करडी, लोण्यासारखी मळी सामान्य आहे. पितळी चमक म्हणजे सिंक्रो रिंगची झीज. बोटाला टोचणाऱ्या चपट्या कपच्या म्हणजे बेअरिंगच्या पृष्ठभागाचे पापुद्रे निघत आहेत. कोनाकृती जाड तुकडा म्हणजे दात तुटला आहे. त्यानंतर ती गाडी एक किलोमीटरही चालवू नका, कारण तो तुकडा दोन गिअरमध्ये सापडला तर केसिंग फुटतं. तेल पांढऱ्या कापडातून गाळून घ्या, चुंबकाला न चिकटणारा चुराही दिसतो.

तेलाच्या निवडीत सर्वाधिक घोळ जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर तेलाच्या दर्जांचा. जीएल-५ तेलात जास्त दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. ती हायपॉइड (दात एकमेकांवर घसरतात अशा) डिफरन्शियलसाठी बनवलेली आहेत. अशी काही तेलं पितळेला कोरतात, आणि कोरली नाहीत तरी इतकी निसरडी असतात की सिंक्रो रिंग कोनाला पकडतच नाही. ‘जास्त ताकद म्हणून जास्त आकड्याचं तेल’ हा तर्क चुकीचा आहे. उत्पादकाने जीएल-४ सांगितलं असेल तर चांगल्या दर्जाचं सिंथेटिक जीएल-४ घाला. काही गिअरबॉक्सना ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडच लागतं. त्यात ७५डब्ल्यू-९० हे दाट गिअर तेल ओतलं तर थंडीत गिअर पडायला त्रास होतो.

नवं योग्य तेल घातल्यावर घासणं बरंच कमी झालं तर सिंक्रो अजून जिवंत आहेत. पातळी बघताना गाडी चारही बाजूंनी समतल हवी. पुढून उचललेल्या गाडीत भरलेलं तेल जवळजवळ नेहमी चुकीच्या मापाचं असतं. प्लेटवाली एलएसडी (एकच चाक घसरू न देणारं लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल) गिअरबॉक्सच्याच तेलात फिरत असेल तर तिच्या प्लेटांचा चुरा बेअरिंगपर्यंत पोचतो, म्हणून तेल बदलायचं अंतर निम्म्यावर आणा.

दुरुस्ती की दुसरा गिअरबॉक्स

फक्त सिंक्रो आणि बेअरिंग गेली असतील तर बांधणी फायद्याची. दोन-तीन गिअर, हब आणि केसिंगमधली बेअरिंगची जागा खराब असेल तर त्याच कुटुंबातला अधिक टॉर्क सोसणारा गिअरबॉक्स शोधणं शहाणपणाचं. अनेकदा डिझेल आवृत्तीचा गिअरबॉक्स जास्त टॉर्कसाठी बनवलेला असतो, मात्र त्याचे रेशो लांब असतात आणि फायनल ड्राइव्ह बदलल्याशिवाय पेट्रोल इंजिनाला ते जुळत नाहीत. वापरलेला गिअरबॉक्स घेताना इनपुट शाफ्ट हाताने फिरवा, प्रत्येक गिअर टाकून पाहा आणि आतल्या तेलाचा नमुना मागा. तेल आधीच काढून टाकलेला गिअरबॉक्स विकत घेऊ नये.

सिंक्रो नसलेला डॉग-बॉक्स रस्त्यावरच्या गाडीला सुचवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. हळुवार गिअर टाकल्यानेच त्याचे डॉग (गिअर जोडणारे दात) झिजतात, आणि गर्दीत तर गिअर हळुवारच टाकले जातात.

उतरवताना

बॅटरी काढा. गाडी चार मजबूत अ‍ॅक्सल स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. तेल काढा. ड्राइव्ह शाफ्ट किंवा प्रॉपेलर शाफ्ट, स्पीड सेन्सर, रिव्हर्स स्विच, लिंकेज आणि स्टार्टर सोडवा. स्लेव्ह सिलिंडर पाइपसकट बाजूला बांधून ठेवता येतो, पण त्यानंतर चुकूनही पेडल दाबलं जाऊ नये, पिस्टन बाहेर उडतो. इंजिनाला वरून किंवा खालून स्वतंत्र आधार द्या, मगच माउंटिंग सोडा.

बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या घंटाकृती भागाचे) बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सची बाह्यरेषा काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवा. गिअरबॉक्स गिअरबॉक्स-जॅकवर सरळ रेषेत मागे न्या. त्याचं वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, त्याने क्लच प्लेटचा हब वाकतो आणि पुढे ती प्लेट कायम धरून राहते.

खाली आल्यावर दोन गोष्टी तिथेच पाहा. इंजिन आणि बेल हाउसिंगमधले डॉवेल (जुळणी धरणाऱ्या पिना) जागेवर आहेत का? इंजिन काढून घातलेल्या गाड्यांत ते हरवलेले सापडतात. मग बोल्टांच्या भोकांतल्या मोकळीकीइतका गिअरबॉक्स सरकतो आणि इनपुट बेअरिंग व पायलट बेअरिंग वारंवार जातात. दुसरं, गाडी खाली बसवलेली असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट चालीच्या टोकाला आपटतो आहे का? कपाच्या तळाशी आघाताची चकाकी दिसली तर तो शाफ्ट डिफरन्शियलच्या बेअरिंगवर हातोडीसारखा बसतो आहे. शाफ्टची लांबी किंवा सस्पेन्शनची उंची बदलल्याशिवाय डिफरन्शियलचं बेअरिंग टिकणार नाही.

उघडणं आणि मोजणं

तुमच्या गिअरबॉक्सचं सर्व्हिस मॅन्युअल समोर नसेल तर केसिंगचा एकही बोल्ट सोडू नका. खाली दिलेली मापं सर्वसाधारण आहेत, अंतिम शब्द मॅन्युअलचा. साधनं हवीत ती अशी: हायड्रॉलिक प्रेस, बेअरिंग पुलर, सर्क्लिप प्लायर, फीलर गेज, चुंबकी पायाचा डायल गेज, मायक्रोमीटर, टॉर्क रेंच.

केसिंग बाहेरून आधी पूर्ण धुवा. डिटेंटचे प्लग सोडताना वर फडकं धरा, स्प्रिंग आणि गोळी उडून जाते. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. शाफ्टवरून निघणारे भाग निघाले त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने तारेत ओवून ठेवा. हब (शाफ्टवरचा मधला भाग) आणि स्लीव्ह (त्यावर सरकून गिअर जोडणारं कडं) वेगळे करण्यापूर्वी दोघांवर खूण करा, ते जोडीने घासून बसलेले असतात. शाफ्टच्या टोकाचा ठोकून बसवलेला नट सोडण्याआधी त्याची आट उलटी तर नाही ना ते मॅन्युअलमध्ये बघा. तो नट पुन्हा वापरायचा नसतो.

सिंक्रो रिंग: रिंग गिअरच्या कोनावर बोटांनी दाबून बसवा आणि रिंगच्या दातांपासून गिअरच्या डॉग दातांपर्यंतची फट चार ठिकाणी फीलर गेजने मोजा. नव्यात ती बहुधा १ मिमीच्या आसपास असते आणि बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ०.५ मिमीच्या खाली गेली की रिंग बाद. चारही ठिकाणी सारखी नसेल तर रिंग वाकडी झाली आहे. फट ठीक असूनही रिंगच्या आतल्या बारीक आट्यांची टोकं सपाट आणि चकचकीत झाली असतील तर त्या तेलाचा थर कापू शकत नाहीत. तीही बाद. कोन निळसर पडला असेल तर नवी रिंगही तिथे टिकणार नाही.

डॉग दात आणि स्लीव्ह: टोकं अणकुचीदार हवीत. गोल झालेली टोकं घासण्याची खूण. गिअर निसटत असेल तर दाताच्या बाजू बघा. त्यांना किंचित उलटा उतार दिलेला असतो, त्यामुळे भार आल्यावर स्लीव्ह आत खेचली जाते. तो उतार झिजून सपाट झाला की गिअर भाराखाली बाहेर फेकला जातो. अशा वेळी गिअर आणि स्लीव्ह दोन्ही बदलावे लागतात, एक बदलून भागत नाही.

फोर्क: स्लीव्हच्या खाचेतली मोकळीक मोजा. १ मिमीच्या जवळ पोचली असेल तर स्लीव्ह पूर्ण बसतच नाही. फोर्कच्या एकाच बाजूला झीज असेल तर तो वाकला आहे. टेकणारा भाग निळा पडला असेल तर कोणीतरी लिव्हरवर हात ठेवून गाडी चालवतं आहे. हाताचं तेवढं वजन फोर्कला फिरत्या स्लीव्हवर घासत ठेवतं.

दात: मधल्या पट्ट्यातले टाचणीएवढे खड्डे ही थकव्याची सुरुवात. दाताच्या एकाच कडेला जमलेले खड्डे आणि उडालेला कोपरा दिसला तर शाफ्ट वाकडे चालत आहेत, म्हणजे बेअरिंग ढिलं आहे किंवा केसिंग फाकतं आहे. गिअर नेहमी जोडीनेच बदला. जुन्या दातावर नवा दात बसवला की आवाज येतो आणि नवाही लवकर जातो.

बेअरिंग: केसिंग उघडलंच आहे तर सगळी बदला. एक जुनं ठेवून वाचवलेले पैसे गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवताना जातात. जुनी काढल्यावर केसिंगमधली त्यांची बैठक बघा. तिथे घासून आरशासारखी चकाकी आली असेल तर बाहेरची रिंग केसिंगमध्ये फिरत होती. किंचित सैल असेल तर बेअरिंग-लॉकचं रसायन चालतं. बोअर अंडाकृती झालं असेल तर मशीनवर बोअर करून स्लीव्ह बसवावी लागते, किंवा केसिंग बदलावं लागतं. वाढीव टॉर्कच्या गाडीत रसायनावर भिस्त ठेवू नये.

डिफरन्शियल: मधली पिन बघा. एकच चाक जोरात फिरत राहिलं, ओल्या रस्त्यावरच्या बर्नआउटसारखं, की ही पिन कोरडी पडून चरते आणि तुटली तर केसिंग भेदून बाहेर येते. काही गिअरबॉक्समध्ये क्राउन व्हील रिव्हेटने बसवलेलं असतं. ते रिव्हेट काढून कठीण पोलादाचे बोल्ट लावायची हीच वेळ.

शिम आणि प्रीलोड

सगळ्यात जास्त बांधण्या इथे फसतात. टेपर रोलर बेअरिंगवर ठरावीक पूर्वताण (प्रीलोड) लागतो आणि तो शिमच्या, म्हणजे पातळ चकतीच्या, जाडीने ठरतो. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावतं, पोलाद सुमारे १२. बेअरिंगांमधलं अंतर २०० मिमी आणि तापमानातली वाढ ८० अंश धरली तर केसिंग शाफ्टपेक्षा जवळपास ०.१८ मिमीने जास्त लांबतं. थंड असताना नुसती ‘ढिलाई नाही’ इतकंच साधलं तर गरम झाल्यावर शाफ्ट पुढे-मागे खेळू लागतो, दातांची जुळणी सरकते आणि गिअर निसटतो. ट्रॅकवर तेल जास्त तापतं, तिथे हे आणखी वाढतं.

पद्धत अशी: माहीत असलेल्या पातळ शिमने केसिंग पूर्ण टॉर्कवर बंद करा. शाफ्ट काही फेरे फिरवून रोलर बसू द्या. डायल गेज लावून शाफ्ट वर-खाली ओढा आणि ढिलाई मोजा. शिमची जाडी, मोजलेली ढिलाई आणि मॅन्युअलमधला प्रीलोड यांची बेरीज म्हणजे नवी शिम. समजा पातळ शिम १.०० मिमी, ढिलाई ०.२२ आणि प्रीलोड ०.१० असेल तर १.३२ मिमीची शिम लागेल. माप तीनदा घ्या, तीनही सारखी येईपर्यंत पुढे जाऊ नका. केसिंगच्या जोडावर मूळची कागदी गॅस्केट असेल तर तिची जाडी याच हिशोबात धरलेली असते. ती वगळून नुसतं सीलंट लावलं की सगळा हिशोब बदलतो.

बांधणी

बेअरिंग शाफ्टवर बसवताना ते ११० अंशांपर्यंत तापवा, १२० च्या वर नेऊ नका. हॉट प्लेट किंवा ओव्हन वापरा, ज्योत नको, तिने धातूचा एक भाग जास्त तापून त्याचा कणखरपणा जातो. शाफ्टवर बसवताना जोर फक्त आतल्या रिंगवर, केसिंगमध्ये बसवताना फक्त बाहेरच्या रिंगवर. जोर गोळ्यांमधून गेला तर खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करतं.

नव्या सिंक्रो रिंग बसवण्यापूर्वी गिअरबॉक्सच्याच तेलात भिजवा. सगळी सर्क्लिप नवी. प्रत्येक गिअर बसल्यावर त्याची बाजूची मोकळीक फीलर गेजने बघा. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ०.१ ते ०.४ मिमी अपेक्षित असते. शून्य आली तर काहीतरी उलटं बसलं आहे. ऑइल सीलच्या ओठाला तेल लावा आणि शाफ्टच्या स्प्लाइनवर (उभ्या खाचांवर) चिकटपट्टी गुंडाळून मगच सील सरकवा.

जोडावर अ‍ॅनारोबिक सीलंटचा पातळ थर पुरे. जाड सिलिकॉनची आतली वळी तुटून तेलाच्या वाटेत अडकते आणि पुढचं बेअरिंग कोरडं पडतं. केसिंग बंद करण्यापूर्वी बाकावरच प्रत्येक गिअर टाकून इनपुट फिरवा. एक गिअर टाकलेला असताना दुसरा पडता कामा नये. पडला तर इंटरलॉकची पिन राहिली आहे आणि ती चालू गाडीत गिअरबॉक्स जागीच जाम करेल.

वाढीव टॉर्कसाठी आत काही करायचं असेल तर आधी बेअरिंग जागेवर धरणारी मजबूत प्लेट, मग मजबूत फोर्क, मग दातांचं शॉट-पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग कणखर करणं), या क्रमाने जावं. सरळ दातांचे गिअर लांबीच्या दिशेचा रेटा संपवतात, पण फाकवणारं बळ तसंच राहतं आणि आवाज मोठा होतो.

परत बसवताना

दुसऱ्या गाडीचं इंजिन अ‍ॅडॉप्टर प्लेटने जोडलेलं असेल तर बेल हाउसिंग क्रँकशी समकेंद्री आहे का ते मोजल्याशिवाय गिअरबॉक्स चढवू नका. डायल गेजचा पाया फ्लायव्हीलवर ठेवा, टोक बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने एक फेरा फिरवा. एकूण फरक ०.१३ मिमीच्या आत असावा. प्रत्यक्ष सरक त्याच्या निम्मी असते. जास्त असेल तर एककेंद्री नसलेले ऑफसेट डॉवेल लावून सुधारता येते.

पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग नवं घाला. क्लच प्लेट सेंटरिंग टूलने मधोमध बसवा. स्प्लाइनवर उच्च तापमानाच्या ग्रीसचा पुसट थर द्या आणि प्लेट एकदा सरकवून जास्तीचं पुसून काढा. बेल हाउसिंग हाताने पूर्ण टेकलं पाहिजे. बोल्टने ओढून फट मिटवली तर काहीतरी तुटतं, बहुतेक वेळा क्लच प्लेटचा हब किंवा केसिंगचा कान. शेवटी मॅन्युअलमध्ये दिलेलं तेल समतल गाडीत भरा आणि ब्रीदर (हवा जायचं भोक) मोकळा आहे ना ते बघा. तो बंद असेल तर आतला दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर काढतो.

पहिले ५०० किलोमीटर आणि त्यानंतर

पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलवर, ४००० आरपीएमच्या आत, गिअर सावकाश टाकत चालवा. याच काळात नवी क्लच प्लेटही बसते. त्यानंतर तेल काढून चुंबक पाहा. थोडी पितळी धूळ दिसेल, कपच्या दिसता कामा नयेत. नवं तेल भरा. घर्षण कमी करणारी कुठलीही वेगळी मिसळणी घालू नका, सिंक्रो घर्षणावरच चालतात.

टर्बो गाडीत बूस्ट गिअरनुसार मर्यादित करायची सोय ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) असेल तर ती वापरा. गिअरबॉक्स जिथे आधी मोडला त्या गिअरमध्ये आणि कमी आरपीएमवर टॉर्क कापा, वरच्या आरपीएमवर ताकद तशीच ठेवा. गाडीचा वेग फारसा कमी होत नाही आणि दातांवरचा सर्वात वाईट भार उतरतो. थ्रॉटल न सोडता गिअर बदलायची सोय बंद ठेवा. जागेवरून उच्च आरपीएमला क्लच सोडून सुटणं आणि त्याबरोबर चाकांचं उड्या मारणं, यात येणारा क्षणिक धक्का इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा कितीतरी मोठा असतो, कारण त्यात फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाही एकदम उतरते. उड्या सुरू झाल्या की तत्काळ थ्रॉटल सोडा.

ट्रॅकवर नियमित जाणाऱ्या गाडीत तेलाच्या तापमानाचा सेन्सर ड्रेन प्लगमध्ये बसवता येतो. तापमान वारंवार १२० अंशांच्या पुढे जात असेल तर पंप आणि छोटा कूलर लावा. पंपाच्या आधी जाळी हवीच, नाहीतर पहिली धातूची कपची पंपच बंद पाडते. अशा गाडीचं तेल प्रत्येक दोन-तीन ट्रॅक-दिवसांनी बदलावं, आणि दर वेळी चुंबकावरच्या मळीचा फोटो तारखेसकट ठेवावा. दोन फोटोंमध्ये कपच्या वाढलेल्या दिसल्या तर आवाज येण्याची वाट न पाहता गिअरबॉक्स उतरवायचा.